पाच फुटी रीफ टँकवरचे दोन एलईडी: नऊ महिन्यांनंतर

आमच्या बोरिवलीच्या हॉलमध्ये पाच बाय दोन बाय दोनची खाऱ्या पाण्याची, कोरल (प्रवाळ) पाळायची टाकी आहे. साडेपाचशे लिटरच्या वर क्षमता, त्यात पाणी, दगड आणि वाळू, म्हणून ती बीमवर भिंतीला टेकवून ठेवलीय. डिसेंबरात जुन्या टी-फाइव्ह ट्यूबलाइट काढून तिच्यावर १६५ वॅटच्या एलईडीचे दोन काळे डबे लावले. कंपनी कुठली ते सोडा, आत साधारण सगळ्यांच्या सारखंच असतं.

मेटल हॅलाइड या जुन्या, प्रखर दिव्यांचाही विचार केला होता. पाण्यातली ती हलती किरणं अजून डोळ्यांपुढून जात नाहीत. पण २५० वॅटचे दोन दिवे नऊ तास म्हणजे दिवसाला साडेचार युनिट, आणि वर ती उष्णता काढायला चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं मशीन. मुंबईच्या मे महिन्यात हा शौक परवडणारा नाही.

दुकानदार म्हणाला, "साहेब, पॉवर जास्तच घ्या, कमी करता येते." बरोबर आहे. पण कमी करतो कोण!

पहिल्या रात्री ब्लू चॅनल (निळे दिवे) ७० टक्क्यांवर, व्हाइट ३०. मला तरी टाकी अंधारीच वाटली. दोन दिवसांनी ब्लू ८० केला. समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंनी लिफ्टपाशी विचारलं, "तुमच्याकडे रोज डीजे असतो का हो?" आठवड्याभरात झोआ (फुलांसारखे छोटे कोरल) मिटले, ते उघडेचनात. लेदर कोरल मान टाकून बसला, आणि मधल्या खडकावरचे लालसर मश्रूम कोरल कडेने पांढुरके पडून आक्रसले. आम्ही पाण्याच्या टेस्ट करत बसलो. मीठ, नायट्रेट, सगळं ठीक. बायको म्हणाली, "एकदा लाइट तरी कमी करून बघ." मी ऐकलं नाही.

जानेवारीत दादरच्या एका मित्राकडून पार मीटर आणला; प्रकाशसंश्लेषणाला कामी येणारा उजेड (पार) तो मोजतो. मधल्या खडकाच्या माथ्यावर ३१०, आणि कोपऱ्यातल्या वाळूवर ३५! मश्रूमला पन्नास-साठ पुरतात, झोआ नि लेदर शंभराच्या आसपास सुखात असतात. गोची अशी, की आपला डोळा हिरव्या-पिवळ्या उजेडाला तल्लख आणि निळ्याला मंद. कोरलच्या पेशींमध्ये राहणारं सूक्ष्म शैवाल मात्र निळ्यावरच जगतं. आपल्याला संध्याकाळ वाटते तेव्हा त्याच्या डोक्यावर भर दुपार असते. मोबाइलचं उजेड मोजणारं लक्स ॲपही आपल्या डोळ्याच्याच बाजूने बोलतं, म्हणून त्यावर जाऊ नका.

आणि आपल्याकडे एवढ्या उजेडाचं करायचं तरी काय? ३०० पार लागतो तो फांद्यांच्या दगडी कोरलना, आणि ते २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आहेत. घरात ठेवायचेच नाहीत. परदेशी व्हिडिओ बघून लाइट निवडणारे आपण हे विसरतो.

मग डबे पाण्यापासून सात इंचांवरून पंधरा इंचांवर टांगले, दोन्ही चॅनल पाडून २० टक्क्यांपासून सुरुवात केली आणि ब्लू दर आठवड्याला पाच-पाच टक्के चढवत नेला. आता ब्लू ४५, व्हाइट १०, रोज नऊ तास. मधोमध ११०, कोपऱ्यात ४५. प्लग-मीटरवर दोन्ही मिळून ७५ वॅटच्या आसपास दिसतात, म्हणजे महिन्याला वीसेक युनिट. झोआ तीन आठवड्यांत उघडले. लेदरने दोनदा कात टाकली आणि आता तळहाताएवढा झालाय. पांढऱ्या पडलेल्या मश्रूमपैकी दोन गेलेच.

जुलैत वेगळीच कटकट. स्किमरच्या (पाण्यातला मळ फेसावाटे काढणाऱ्या यंत्राच्या) बाजूचा डबा अर्ध्या तासात आपोआप बंद पडायला लागला. वॉरंटी सहा महिन्यांची, बिघाड सातव्यात. स्क्रू काढून बघितलं तर पंख्याच्या पात्यांवर मिठागरासारखा पांढरा थर, हाताने फिरवला तरी फिरेना. पंखा खेचतो ती हवा थेट टाकीवरची, खारी, आणि पावसाळ्यात आधीच ओलीचिंब. लॅमिंग्टन रोडवर तसाच बारा व्होल्टचा पंखा १८० रुपयांना मिळाला, सोल्डरिंग घरीच केलं. तेव्हापासून महिन्यातून एकदा कोरड्या ब्रशने दोन्ही डबे झाडतो.

प्रकाशाबद्दल तक्रार नाही. पण पुन्हा घ्यायची वेळ आली तर पाच फुटांवर दोन दांडगे डबे नको, तीन लहान घेईन. उंची वाढवूनही डावा कोपरा मंदच आहे. तिथे आता फक्त मश्रूम ठेवतो, आणि तेच सगळ्यात मजेत आहेत: एकाचे चार झालेत.

दुसऱ्या डब्याचा पंखा हल्ली सुरू होताना किरकिरतो. शनिवारी परत लॅमिंग्टन रोड.