खासदाराला पत्र पाठवून देणारी साईट वापरून बघितली: पत्ता तिथून घ्या, मजकूर मात्र स्वतःचा लिहा

समलिंगी लग्नाला कायद्याने मान्यता द्या असं आपल्या खासदाराला कळवायला एक फ्री ऑनलाईन सर्व्हिस आहे, ती गेले काही महिने वापरतेय. तुमचा पत्ता टाकला की प्रतिनिधी कोण ते दाखवते, तयार पत्र समोर येतं, खाली नाव भरायचं आणि सेंड करायचं, दोन मिनिटांत काम होतं. पहिल्यांदा मी तसंच केलं. सहा आठवड्यांनी उत्तर आलं, आपल्या भावना पोचल्या, आभारी आहोत, बास. मैत्रिणीने पण तिथूनच पाठवलं होतं, तिला पण अक्षरन् अक्षर तेच आलं.

आधी चांगलं सांगते. योग्य माणूस शोधून देणं ही यांची खरी कमाई आहे. लग्नाचा कायदा नेमका कोणाच्या हातात आहे हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, मग पत्र भलत्याच ऑफिसात जाऊन पडतं. इथे ती भानगड नाही. आणि तयार मजकुरात धर्मसंस्थांवरचा परिच्छेद खरंच छान लिहिलाय, कारण नेत्यांना पहिली भीती तीच असते. ब्रिटनच्या २०१३च्या कायद्यात कुठल्याही धर्मसंस्थेवर असं लग्न लावायची सक्ती नाही, हे सरळ शब्दांत सांगितलंय, तेवढा भाग मी ठेवला.

बाकी मजकूर मात्र शिळा. आशियात फक्त तैवानमध्ये मान्यता आहे असं अजून लिहिलंय. अहो, तैवानने २०१९ मध्ये दिली हे बरोबर, पण थायलंडचा कायदा २३ जानेवारी २०२५ पासून लागू झालाय! एक चूक सापडली की समोरचा बाकीचं पण सोडून देतो. दुसरं म्हणजे 'लग्न' किंवा 'नागरी भागीदारी' (म्हणजे लग्न न म्हणता जोडप्याच्या नात्याची कायदेशीर नोंद) यातलं काहीही टिक करता येतं, दोन्ही एकच असल्यासारखं. एकच नाहीये ते. ब्रिटनने २००४ मध्ये भागीदारीचा कायदा केला होता, तरी लोक मागत राहिले आणि नऊ वर्षांनी लग्नाचा वेगळा कायदा करावाच लागला. तेव्हा लग्न हवं असेल तर लग्नच मागा.

पण माझी मोठी तक्रार एडिटच्या बटणाची आहे, ते पार तळाला बारीक अक्षरात, मला दुसऱ्या वेळी दिसलं. खरं तर तेच सगळ्यात वर पाहिजे. लोकप्रतिनिधींच्या ऑफिसात पत्रं वाचायला स्टाफ असतो, लिहिणारा आपल्याच मतदारसंघातला आहे का ते आधी बघतात, एकसारखी पत्रं असली की एकत्र गठ्ठा करून आकडा लिहितात, आणि वेगळं असलेलं पत्र निदान कोणीतरी पूर्ण वाचतं. न्यूझीलंडमध्ये २०१३ साली कायदा ७७ विरुद्ध ४४ मतांनी पास झाला, तेव्हा मॉरिस विल्यमसन नावाच्या खासदारांनी आपल्याला कसली कसली पत्रं आली हे भर सभागृहात सांगितलं होतं, एकात तर तुम्ही नरकाच्या आगीत जळाल असं होतं. म्हणजे विरोधातले लोक मनापासून लिहितातच, आणि ते लक्षात पण राहतं. आपण कॉपी-पेस्ट का पाठवायचं?

दुसऱ्या वेळी मी धर्मसंस्थांवरचा परिच्छेद सोडून बाकी सगळं खोडलं आणि मावशीबद्दल लिहिलं. माझी मावशी आणि तिची जोडीदार सव्वीस वर्षं एका घरात राहिल्या, आम्ही भाचरं त्या जोडीदाराला धाकटी मावशीच म्हणतो. मावशी गेल्यावर ती बँकेत फाईल घेऊन गेली, मी सोबत होते. काउंटरवर विचारलं, तुम्ही त्यांच्या कोण? फॉर्मवर नात्याचा रकाना होता, तिने पेन टेकवलं, थांबली, परत टोपण लावलं आणि फाईल मिटली. एवढंच लिहिलं, दहा-बारा ओळी, वर पूर्ण नाव आणि मतदारसंघातला पत्ता, शेवटी एकच प्रश्न की विधेयक आलं तर तुम्ही मत कुठे देणार. या वेळी उत्तर तीन आठवड्यांत आलं आणि त्यात मावशीचा उल्लेख होता. मत कुठे देणार ते अजून सांगितलेलं नाही, म्हणून परत लिहिणारे, पण साईट पाठवलेल्या पत्राची कॉपीच देत नाही, आधीच जपून ठेवा नाहीतर दुसऱ्यांदा काय लिहिलं होतं ते आठवत बसाल.

पाचपैकी तीन स्टार, तेही पत्ता बरोबर देतात म्हणून. पुढचं पत्र धाकटी मावशी स्वतः हाताने लिहितेय, तिला फक्त कोणाला पाठवायचं ते हवं होतं, काल तिला तिथूनच काढून दिलं.