पोनी क्लबचा स्वयंसेवक शिक्षक अभ्यासक्रम: गोव्याच्या रिंगणात कितपत टिकतो

ज्याची घोड्यावर मांड पक्की, तो मुलांना शिकवू शकतो, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. पोनी क्लबचा शिक्षक अभ्यासक्रम तो सुरुवातीलाच मोडून काढतो. तेवढ्यासाठीच त्याला पाचपैकी साडेतीन गुण. उरलेले दीड गोव्याच्या हवेने खाल्ले.

हा क्लब 1929 साली ब्रिटनमध्ये सुरू झाला. मुलांसाठी ई पासून ए पर्यंत चढत जाणाऱ्या चाचण्या, आणि शिकवणारे बरेचसे स्वयंसेवक, ही त्याची घडण. ऑस्ट्रेलियातल्या क्लबांनीही तीच उचलली. शिक्षकाच्या मान्यतेची वाट थोड्याफार फरकाने सारखीच आहे. आधी क्लबाचं सदस्यत्व आणि स्वतःची स्वारी तपासली जाते. मग प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र आणि मुलांसोबत काम करण्यासाठीची पडताळणी लागते. त्यानंतर अनुभवी शिक्षकाच्या नजरेखाली वर्ग घ्यायचे आणि शेवटी परीक्षकासमोर एक पूर्ण वर्ग. मान्यता मुदतीची असते, ती पुन्हा पुन्हा ताजी करावी लागते.

ब्रिटनमधल्या स्विंडनहून परतलेल्या गोवेकराने हे मान्यतेचं कार्ड सोबत आणलं, तर त्याचं शिक्षण इथे उपयोगी पडेल, पण तिथला विमा इथल्या मैदानाला लागू होणार नाही. जागेचा आणि मुलांचा विमा वेगळा उतरवायला हवा. भारतात औपचारिक मार्ग इक्वेस्ट्रियन फेडरेशन ऑफ इंडियाचा आणि एफईआय या आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या तीन पातळ्यांच्या प्रशिक्षक कार्यक्रमाचा. त्याचा रोख मात्र स्पर्धेकडे. सात वर्षांच्या मुलीला पहिल्यांदा दुडकीवर बसवणाऱ्याला पोनी क्लबचीच पद्धत जवळची वाटेल.

या पद्धतीचं खरं मोल वर्ग सुरू होण्याआधीच्या दहा मिनिटांत आहे. मुलं रांगेत उभी करायची आणि प्रत्येक घोड्याचं सामान हाताने चाचपायचं, नुसतं डोळ्यांनी नाही. रिकिबीचा, म्हणजे पाय ठेवायच्या कडीचा, पट्टा खोगिराच्या ज्या लोखंडी दांडीला अडकवतात, तिची कळ उघडी हवी, म्हणजे मूल पडलं आणि पाय अडकला तर पट्टाच निसटतो. रिकीब बुटापेक्षा सुमारे अडीच सेंटीमीटर रुंद. अरुंद असेल तर पाय अडकतो, फार रुंद असेल तर लहान मुलाचं पाऊल आरपार घुसतं. बुटाला छोटी टाच हवीच. चप्पल, क्रॉक्स किंवा सपाट तळाचे खेळाचे बूट घालून आलेल्या मुलाला त्या दिवशी खरारा करायला द्यावा, खोगिरावर चढवू नये.

तंग, म्हणजे घोड्याच्या पोटाखालून जाणारा खोगिराचा पट्टा, दोनदा आवळायचा: चढण्याआधी एकदा, आणि पाच मिनिटं चालवल्यावर पुन्हा. काही घोडे तंग बांधताना छाती फुगवून घेतात, शिवाय खोगिराखालची गादी दबते. दुसऱ्यांदा आवळायला विसरलं की खोगीर मुलासकट कलतं. नवशिक्यांच्या वर्गात सगळ्यात टाळता येण्याजोगी पडझड हीच.

शिरस्त्राणाबाबत हा अभ्यासक्रम कडक आहे, आणि बरंच आहे. स्वारीसाठी बनलेलं, ईएन 1384 (2017 किंवा नंतरची आवृत्ती), पीएएस 015, व्हीजी 1 किंवा एएसटीएम एफ 1163 यांपैकी मानक छापलेलं हवं. दुचाकीचं आयएसआय हेल्मेट जड पडतं, मुलाची मान आणि तोल दोन्ही बिघडवतं, आणि त्याची चाचणीही वेगळ्या अपघातासाठी झालेली असते. सायकलचं हेल्मेट तर नकोच. भुवयांच्या वर एक बोट जागा राहिली पाहिजे आणि पट्टा बांधून डोकं हलवलं तरी हेल्मेट फिरता कामा नये. एकदा आपटलं की ते बाद, वरून चरा दिसो वा न दिसो. वर्गात हेल्मेट आळीपाळीने वापरायची असतील, तर प्रत्येक मुलाची स्वतःची सुती टोपी आतून घालायला लावावी. नाहीतर घामाबरोबर उवाही घरोघर जातात.

शिकवण्याच्या भागात सांगण्यासारखं म्हणजे शिस्तबद्ध आखणी. रिंगण 20 बाय 40 मीटरचं, पहिल्या वर्गांत प्रत्येक घोड्याला दोरी धरणारा एक माणूस, आणि पुढच्या घोड्यापासून निदान एका घोड्याच्या लांबीचं अंतर. एका शिक्षकामागे सहा मुलं पुष्कळ झाली. पंचेचाळीस मिनिटांत नवी गोष्ट एकच शिकवायची. सूचना तोकड्या हव्यात: ‘टाचा खाली, नजर वर.’ पाय जागेवर आणायला हात लावण्याआधी मुलाला सांगायचं आणि शक्यतो पालकांसमोरच. इथे स्थानिक भर घालावी लागते. गोव्याला स्वतःचा बाल कायदा आहे, 2003 चा, आणि त्यावर 2012 चा पोक्सो. स्वयंसेवक असलात म्हणून या कायद्यांतून सूट नाही, तेव्हा पोलीस ठाण्यातून चारित्र्य पडताळणी करून तिची प्रत ठेवलेली बरी.

वजनाचा हिशेब आम्हाला विशेष आवडला. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पंधरा ते वीस टक्क्यांपुढे जाऊ नये. तीनशे किलोचं तट्टू असेल तर पंचेचाळीस ते साठ किलो, त्यातले सात-आठ खोगिराचे. चौदा वर्षांचं धडधाकट पोर सहज ही रेषा ओलांडतं. हे पालकांना समजावणं परीक्षेपेक्षा अवघड.

आता कापलेल्या गुणांकडे. ब्रिटिश साहित्यातला काही भाग आपल्यासाठी निव्वळ खोगीरभरती आहे. थंडीत कुठली झूल घालावी, अंगावरचे केस किती कापावेत, हे वाचून पेडण्यात कुणाचं काय भलं होणार? उलट जे इथे रोज लागतं, ते जेमतेम येतं. सगळ्यात आधी उष्मा. तापमान फॅरनहाइटमध्ये घ्यायचं आणि त्यात हवेतली आर्द्रता टक्क्यांत मिळवायची. बेरीज 150 च्या वर गेली की घोड्याला घामाने थंड होणं जड जातं, 180 ला वर्ग बंद. ऑक्टोबरातली 32 अंश सेल्सिअसची दुपार म्हणजे 90, वर आर्द्रता 75, बेरीज 165. म्हणून वर्ग सकाळी साडेआठच्या आत आटपावा, किंवा संध्याकाळी पाचनंतर घ्यावा. काही घोड्यांना अशा दमट हवेत घाम येणंच बंद होतं. अंग कोरडं, श्वास मात्र धापा टाकल्यासारखा, असं दिसलं तर खोगीर उतरवून पाणी ओतत राहायचं आणि पशुवैद्याला बोलवायचं. विश्रांतीत घोड्याचा श्वास मिनिटाला आठ ते सोळा असतो, नाडी 28 ते 44. मोजायला मुलांनाच शिकवा, तेही शिक्षणच.

दुसरी गोष्ट चामडं. जूनपासून चार महिने खोगिरावर बुरशी येते ती दिसते, पण टाक्यांचा दोरा कुजतो तो दिसत नाही. तंगाच्या पट्ट्या आणि रिकिबीचे पट्टे आठवड्याला उलटे करून, टाके वाकवून पाहावेत. शिकवणीच्या घोड्यांसाठी सिंथेटिक खोगीर घेतलं तर आमची हरकत नाही. कानपुरी चामडं देखणं असतं, पण त्याला निगा लागते. पावसात खुरांच्या तळाला कुजल्याचा वास यायला लागतो. पागा कोरडी ठेवून रोज खुरं साफ करणं, एवढाच त्यावर रोजचा उपाय.

घोडा निवडताना गोव्यात हमखास फसगत होते ती शर्यतीतून निवृत्त झालेल्या थरोब्रेडवर. स्वस्त मिळतो, रुबाबदार दिसतो, आणि पाठीवरच्या मुलाची टाच चुकून लागली तरी सुटतो. नवशिक्यांसाठी म्हातारं, कंटाळवाणं तट्टू सर्वोत्तम.

जागेबद्दलही लिहायला हवं. माडाखाली घोडा बांधू नये, वर्ग तर मुळीच घेऊ नये, कारण नारळ आणि सुकी झावळी पडायला वाऱ्याचीही गरज नसते. किनारा फोटोपुरता ठीक. सुकी भुसभुशीत वाळू घोड्याच्या स्नायुबंधांना ताण देते, मोकाट कुत्री आणि पॅरासेलिंगच्या बोटी त्याला बुजवतात, आणि कुंपण कुठेच नसतं. मूल पडलं तर सगळे घोडे थांबवायचे, हेल्मेट काढायचं नाही, मूल हलवायचं नाही, 108 ला फोन. जवळचं रुग्णालय कुठलं, बांबोळी की मडगाव, हे रिंगणाच्या फाटकावर लिहिलेलं असावं. धनुर्वाताची लस मुलांची आणि शिक्षकाचीही चालू हवी, पागेत ती चैन नव्हे.

हा अभ्यासक्रम घ्यावा कुणी? ज्यांना आठवड्याला निदान दोन सकाळी सहा वाजता पागेत पोचता येईल आणि कुणाच्या तरी हाताखाली वीसेक वर्ग काढण्याचा धीर असेल, त्यांनी. नुसतं कार्ड हवं असेल त्यांनी पैसे वाचवावेत.

नव्या मुलांचा गट चतुर्थीच्या आसपास सुरू करू नका. फटाके, चिखल आणि उष्मा एकत्र येतात. दिवाळीतली नरकासुराची रात्र उरकली आणि नोव्हेंबरात जमीन सुकली, की पहिला वर्ग.