शालेय ग्रंथालयात पुस्तके जागेवर लावायला कोणाला शिकवावे: सर्वांना की निवडक गटाला?

विद्यार्थ्यांना पुस्तके लावायला शिकवायचे ठरले की ग्रंथपालापुढे दोन मार्ग उरतात. एक तर प्रत्येक विद्यार्थ्याने वाचून झालेले पुस्तक स्वतःच रॅकवर परत लावावे, किंवा सर्वांनी पुस्तके ट्रॉलीवर ठेवावीत आणि खास तयार केलेल्या मोजक्या विद्यार्थी-साहाय्यकांनी ती जागेवर न्यावीत. वरवर पाहता पहिला मार्ग अधिक शैक्षणिक आणि दुसरा निव्वळ सोयीचा वाटतो. परंतु निवड करताना शिकवायला किती वेळ लागेल यापेक्षा चूक किती महाग पडेल हे आधी पाहावे. ट्रॉलीवर पडून राहिलेले पुस्तक निदान सापडते, तर भलत्या खणात गेलेले पुस्तक नोंदीत उपलब्ध दिसत राहते आणि कोणाच्याच हाती लागत नाही.

सर्वांना शिकवण्याचा लाभ मोठा आहे, कारण पुस्तक लावण्यासाठी आणि शोधण्यासाठी लागणारे ज्ञान एकच असते. अडचण येते ती दशांशात. मेल्व्हिल ड्युई यांनी १८७६ साली प्रसिद्ध केलेली दशांश वर्गीकरण पद्धती ज्ञानाचे ००० ते ९९९ असे दहा मुख्य वर्ग पाडते आणि पुढचे बारकावे दशांशचिन्हानंतरच्या अंकांनी दाखवते. मंगळावरचे पुस्तक ५२३.४३ वर येते आणि ताऱ्यांवरचे ५२३.८ वर, पण त्रेचाळीसपेक्षा आठ लहान, या हिशेबाने मुले तारे आधी आणि मंगळ नंतर लावतात. दशांशचिन्हानंतर एकेक अंक पाहायचा, किंवा ५२३.८ हे मनातल्या मनात ५२३.८० असे वाचायचे, हे दाखवले की गोंधळ बराच निवळतो, पण दशांश अपूर्णांक अजून शिकायचे आहेत अशा वर्गांत ही युक्ती चालत नाही. शिवाय दाखल क्रमांक, म्हणजे पुस्तक ग्रंथालयात आल्यावर नोंदवहीत मिळणारा क्रमांक, हाच पुस्तकाचा पत्ता समजण्याची चूक इतकी सर्रास होते की पहिल्याच तासाला तो आणि बोधांक, म्हणजे रॅकवरची जागा सांगणारा वर्गीकरणाचा क्रमांक, असे दोन्ही शेजारी ठेवून दाखवलेले बरे. कपाटाच्या एका उभ्या भागातील खण वरून खालपर्यंत संपल्यावरच शेजारच्या भागाकडे जायचे, हेही मुद्दाम सांगावे लागते, कारण मुले सरळ रेषेत आडवी पुढे निघतात.

निवडक गटाच्या बाबतीत शिकवणे सखोल होते आणि तपासणी शक्य होते. पहिला सराव रॅकवर न घेता टेबलावर, बोधांक लिहिलेल्या कार्डांवर घ्यावा. प्रत्यक्ष पुस्तके लावायला लागल्यावर साहाय्यकाने प्रत्येक पुस्तकात एक लांब कागदी पट्टी बाहेर डोकावेल अशी ठेवावी आणि ग्रंथपालाने जागा पाहून ती काढून घ्यावी. चुका त्याच दिवशी, त्याच विद्यार्थ्यासमोर दुरुस्त होतात, आणि हा फायदा पहिल्या मार्गात मिळवणे जवळपास अशक्य आहे. उणीव अशी की परीक्षेच्या दिवसांत गटच नाहीसा होतो, वरच्या वर्गातली तयार मुले शाळा सोडून जातात आणि बाकीची मुले ट्रॉलीपलीकडे काही शिकत नाहीत. या शेवटच्या उणिवेवर खूणपट्टीचा उपाय आहे: पुस्तक चाळण्यासाठी काढताना त्याच्या जागी पुठ्ठ्याची पट्टी ठेवायची आणि पुस्तक तिथेच परत करायचे. घरी नेलेल्या पुस्तकांना मात्र तिचा उपयोग नाही.

लहान वर्गांसाठी रंगीत लेबलांचा पर्याय सुचवला जातो. रंगामुळे मूल योग्य कपाटापर्यंत पोहोचते, पण कपाटातील नेमकी जागा कळत नाही; म्हणून पातळ चित्रमय पुस्तकांच्या छोट्या संग्रहाला तो पुरतो, आणि संग्रह वाढला की अपुरा पडतो. काही मुलांना लाल आणि हिरवा ओळखता येत नसल्याने रंगासोबत एखादे चिन्हही हवेच.

माझा कल निवडक गटाकडे आहे, मात्र एका अटीवर: पुस्तक शोधणे सर्वांना शिकवावे आणि लावण्याचे काम तेवढे गटाकडे ठेवावे. संग्रह लहान असेल, किंवा प्रत्येक वर्गाला ग्रंथालयाची स्वतंत्र तासिका असून ग्रंथपाल तेव्हा मोकळा असेल, तर कथा-कादंबऱ्यांचा विभाग सर्वांसाठी खुला करायला हरकत नाही, कारण तेथे लेखकाच्या नावाचा वर्णक्रम पाळला की काम भागते. पूर्णवेळ ग्रंथपाल नसलेल्या शाळेने तर पहिल्या मार्गाला हातच घालू नये. कोणताही मार्ग धरला तरी खण गच्च भरू नयेत. पुस्तक सरकवायला जागा नसली की बोधांक येणारा विद्यार्थीसुद्धा ते इतरांवर आडवे ठेवून मोकळा होतो. प्रत्येक साहाय्यकाला एकेक ठरावीक भाग सोपवून तेथील क्रम दर आठवड्याला डावीकडून उजवीकडे वाचायला लावले, तर चुकलेले पुस्तक फार तर काही दिवसच हरवलेले राहते.