मठाच्या गेस्टहाऊसमध्ये सहा रात्री, आणि ती घंटा

बेनेडिक्टाइन सिस्टरांच्या, म्हणजे संत बेनेडिक्टांच्या नियमावलीप्रमाणे राहणाऱ्या ख्रिस्ती संन्यासिनींच्या, एका मठात सहा रात्री राहून आले त्याला आता तीन महिने झाले. मुद्दामच थांबून लिहितेय, कारण अशा ठिकाणाहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी सगळंच भारी वाटत असतं आणि त्या भरात लिहिलेला रिव्ह्यू वाचणाऱ्याच्या काही कामाचा नसतो. मठाचं नाव टाकत नाहीये, त्यांच्याकडे खोल्या मोजक्या आहेत आणि गर्दी त्यांना नकोय. पण बेनेडिक्टाइन मठ कुठलाही असला तरी पाहुण्यांना ठेवून घ्यायची रीत बरीचशी सारखी असते, त्यामुळे कुणाच्या मनात जायचं असेल तर उपयोग होईल.

आधीच सांगते, मी ख्रिस्ती नाही. मेलमध्ये तसं स्पष्ट लिहिलं होतं, उत्तर आलं, "या, फक्त जेवणाच्या वेळा पाळा." बस. तिथे गेल्यावर खोलीत संत बेनेडिक्टांची नियमावली ठेवलेली होती ती वाचली तेव्हा कळलं की हे त्या सिस्टरांचं मोठं मन वगैरे तर आहेच, पण ते त्यांचं कामच आहे. सहाव्या शतकात इटलीत मोंते कॅसिनोच्या डोंगरावर बेनेडिक्टांनी मठ काढला, तिथल्या लोकांसाठी ७३ छोट्या प्रकरणांचं हे पुस्तक लिहिलं, आणि त्यातलं ५३वं प्रकरण सगळं पाहुण्यांवर आहे. येईल त्या प्रत्येकाला ख्रिस्तच आलाय असं समजून घरात घ्यायचं. ६६व्या प्रकरणात दारावर कोण बसावं तेही लिहिलंय, शहाणं म्हातारं माणूस हवं, ज्याला आता इकडेतिकडे भटकायची हौस उरलेली नाही, आणि कुणी दार वाजवलं की त्याने आधी "देवाचे आभार" म्हणायचं. मला दार उघडणाऱ्या सिस्टर साधारण ऐंशीच्या असतील. त्यांनी माझी बॅग घ्यायचा खराखुरा प्रयत्न केला.

खोलीबद्दल फार लिहायला नाही. पलंग, टेबल, खुर्ची, भिंतीवर क्रॉस, दाराच्या मागे वेळापत्रक. स्वच्छ आहे. भिंती पातळ आहेत, शेजारच्याचा खोकला ऐकू येतो. वाय-फाय फक्त खाली ऑफिसजवळ.

आता तक्रार. प्रार्थनेला बसायला पाहुण्यांना जागा देतात, पुस्तकंही देतात, पण ती वापरायची कशी हे कुणी सांगत नाही. दोन जाड पुस्तकं, चार रंगांच्या फिती, मधेच एका पुस्तकातून दुसऱ्यात उडी मारायची, तोवर सगळे पुढे गेलेले असतात. पहिले दोन दिवस मी नुसती पानं उलटत बसले होते आणि मला अगदी परक्यासारखं वाटत होतं. शेवटी शेजारी बसलेल्या एका बाईंनी माझं पुस्तक बंद केलं आणि हळूच म्हणाल्या, "नुसतं ऐका." तो सल्ला एका कागदावर छापून प्रत्येक खोलीत ठेवायला हवा. नियमावलीचा पहिला शब्दच 'ऐक' असा आहे, त्यामुळे त्यांनाही ते पटेल असं वाटतं.

ऐकायला लागल्यावर मात्र मी पूर्ण गुंतले. बायबलमधली दीडशे स्तोत्रं, दोन बाजूंना समोरासमोर उभं राहून, एक ओळ या बाजूने एक त्या बाजूने. बेनेडिक्ट लिहितात की आपले पूर्वज सगळी स्तोत्रं एका दिवसात म्हणायचे, आपण आळशी, निदान आठवड्यात तरी पूर्ण करूया. या मठात आता दोन आठवडे घेतात. प्रत्येक ओळीच्या मध्यावर सगळ्याजणी थांबतात, एक श्वासभर, आणि मगच पुढचा अर्धा भाग. मी वेगात बोलणारी बाई आहे, दर ओळीला माझा आवाज एकटाच पुढे जायचा. चौथ्या दिवशी कुठे तो श्वास सापडला. आणि ती स्तोत्रं मला वाटली होती तशी नुसती गोड नाहीत, त्यात देवावर चिडलेला माणूस आहे, अजून किती दिवस मला विसरणार आहेस असं तोंडावर विचारणारा. रोज पहाटे ते मोठ्याने म्हणणाऱ्या बायका भोळ्या असतील हा माझा समज तिथेच गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला परत जायचं होतं. खरंच बॅग भरायला घेतली होती. फोन ड्रॉवरमध्ये होता, बाहेर ऊन, घड्याळ पुढे सरकतच नव्हतं, आणि डोक्यात एकच की इथे माझं काय काम आहे, इथले लोकही तसे कोरडेच आहेत, घरी किती कामं पडलीयत. त्याच संध्याकाळी पाहुण्यांचं बघणाऱ्या सिस्टरांना हे सांगितलं तर त्या हसल्या नाहीत, त्यांनी लायब्ररीतून एक पुस्तक आणून एक पान उघडून दिलं. इव्हाग्रिअस म्हणून चौथ्या शतकातले इजिप्तच्या वाळवंटातले एक साधू, त्यांनी या अवस्थेचं वर्णन करून ठेवलंय, तिचं नाव 'असेडिया'. सूर्य हलतच नाही, दिवस पन्नास तासांचा वाटतो, साधू सारखा खिडकीकडे बघतो, सूर्य कुठवर आलाय ते बघतो, मग त्याला ती जागा नकोशी होते, सोबतच्या भावांमध्ये प्रेमच उरलं नाही असं वाटायला लागतं, घरची माणसं आठवतात. सोळाशे वर्षांपूर्वी! माझ्या त्या दुपारचं कुणीतरी शेजारी बसून टिपण काढल्यासारखं. आणि मला जे मी आयुष्यभर आळस, बोअर होणं, फोनचं व्यसन अशा वेगवेगळ्या नावांनी ओळखत होते ते सगळं एकच आहे हे तेव्हा समजलं. त्यावरचा उपाय त्या वाळवंटातल्या लोकांनी अगदी साधा सांगितलाय. त्यांच्यातलेच एक साधू अब्बा मोझेस म्हणायचे, जा, आपल्या कोठडीत (म्हणजे साधूच्या छोट्या खोलीत) बस, कोठडीच तुला सगळं शिकवेल. मी बॅग रिकामी केली.

पण हा रिव्ह्यू मी लिहितेय तो खरं म्हणजे घंटेसाठी. पाहुण्यांना हवं असेल तर सकाळी बागेत काम करता येतं, मी एका सिस्टरांबरोबर वाफ्यातलं तण काढत होते. चांगला जोर आला होता, वाफ्याची एक वीतभर कड राहिली होती, पाच मिनिटांचं काम, आणि दुपारच्या प्रार्थनेची घंटा वाजली. सिस्टरांनी खुरपं जिथे होतं तिथे मातीत टेकवलं आणि उठल्या. मी म्हटलं, एवढंच राहिलंय सिस्टर, संपवून टाकू. त्या म्हणाल्या, "ते राहू दे. संपवून जायचं असतं तर घंटा कशाला लागली असती?"

हे नियमावलीत जसंच्या तसं आहे, ४३व्या प्रकरणात, खूण ऐकली की हातात जे असेल ते टाकून निघायचं, आणि पाचव्यातही, हातातलं काम अर्धं सोडून. मी ऑफिसमध्ये रात्री दहापर्यंत 'एवढंच राहिलंय' करत बसणाऱ्यांतली आहे. मला वाटायचं माझा प्रॉब्लेम फोकसचा आहे. हल्ली साधूंसारखं जगा म्हणजे पहाटे उठाल, डिस्ट्रॅक्शन जाईल, कामं दुप्पट होतील असं शिकवणारे कोर्स आणि व्हिडिओ खूप आहेत, मीही त्यातले बरेच बघितलेत, आणि आता मला ते पूर्ण उलटे वाटतात. मठातली घंटा काम वाढवायला नाही, ती चांगलं चाललेलं काम तोडते, दिवसातून कितीतरी वेळा, म्हणजे त्या कामाला देव करता येत नाही. देव काढून नुसतं वेळापत्रक उचललं तर त्या घंटेला काही अर्थ राहत नाही, कशासाठी उठायचं मग? हे मी ख्रिस्ती नसूनही म्हणतेय.

सगळं मान्य आहे असं नाही. नियमावलीत न ऐकणाऱ्याला फटके द्यायची भाषा आहे, ती वाचवत नाही, सिस्टर म्हणाल्या आम्हीही ते इतिहास म्हणूनच वाचतो. साधी लेखणीसुद्धा कुणी स्वतःची म्हणायची नाही हे घरसंसार असलेल्याने कसं करायचं मला कळत नाही. पण त्याच पुस्तकात वाइनबद्दल असंही आहे की साधूंनी वाइन घेऊच नये म्हणतात, पण आजकालच्या साधूंना ते पटवता येत नाही, तर निदान मापात घ्या. माणसं कशी असतात हे माहीत असलेल्या माणसाने लिहिलेलं पुस्तक आहे, म्हणून टिकलं असावं. आणि सिस्टरही तशाच आहेत. त्या एकाच जागी, त्याच माणसांबरोबर मरेपर्यंत राहायचं वचन देतात. एकजण मला म्हणाल्या, "शेजारच्या सिस्टरच्या गाण्यावर मी तीस वर्षं चिडतेय आणि तीस वर्षं तिच्याच शेजारी उभी राहतेय." तक्रारीचा सूर नव्हता त्यात.

घरी आल्यावर काय टिकलं ते लिहिते. पहाटे उठणं आठ दिवसांत गेलं. जेवताना शांत बसणं घरच्यांना आवडलं नाही, सोडून दिलं. साडेबारा आणि साडेसहाचा अलार्म टिकलाय. वाजला की वाक्य अर्धं असलं तरी लॅपटॉप मिटते, खिडकीपाशी उभी राहून एक स्तोत्र मोठ्याने वाचते, मधला श्वास घेऊन. चार मिनिटं लागतात. मीटिंग असेल तर हुकतं, आठवड्यातून तीनचार वेळा हुकतंच. पण साडेसहाला मिटलेला लॅपटॉप आता बहुतेक दिवशी परत उघडला जात नाही, आणि अर्धं राहिलेलं वाक्य सकाळी बघितलं की बरेचदा ते नकोच होतं असं लक्षात येतं.

कुणी जाणार असाल तर किमान चार रात्री ठेवा, दोन रात्रींत फक्त ती दुसऱ्या दिवसाची दुपार वाट्याला येईल आणि तुम्ही तेवढीच घेऊन परत याल. स्पा किंवा योगा रिट्रीटसारखं काही हवं असेल तर इथे जाऊ नका, तुमच्या करमणुकीसाठी तिथे कुणी काही करणार नाही. खूप मोठ्या दुःखातून जात असाल तर आधी मेल करून सांगा, रात्रीच्या प्रार्थनेनंतर सकाळपर्यंत कुणीच बोलत नाही आणि ती शांतता जड होऊ शकते. पाचपैकी साडेचार देते, अर्धा त्या चार रंगांच्या फितींसाठी कापलाय. परत जायचं नक्की केलंय, या वेळी आठ रात्री, आणि बागेकडची कोपऱ्यातली खोली मागितलीय, तिथे घंटा जवळून ऐकू येते.