जर-तरचे इंग्रजी आणि पुराची रेघ : सांगलीतील एका वर्गाविषयी

मराठी माध्यमाच्या शाळांत सेमी-इंग्रजीच्या तुकड्या सुरू झाल्यापासून विज्ञान शिकवणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकांची एक विचित्र पंचाईत झाली आहे. फोटोसिंथेसिस, इव्हॅपोरेशन यांसारखे शब्द पाठ्यपुस्तकामुळे तोंडात बसतात. परंतु ‘ही झाडे तोडली नसती तर ही माती वाहून गेली नसती’ एवढे साधे वाक्य नववीच्या वर्गासमोर इंग्रजीत बोलायची वेळ आली की जीभ अडखळते. ही पंचाईत घेऊनच मी सांगलीतील एका खासगी संस्थेच्या आठ आठवड्यांच्या वर्गात नाव घातले. पर्यावरण आणि शाश्वत राहणी या विषयांच्या आधाराने इंग्रजीतील जर-तरची वाक्ये व शब्दसंग्रह शिकवणारा हा वर्ग एका ग्रंथालयाच्या सभागृहात दर शनिवारी दुपारी 4 ते 7 या वेळेत भरतो. शुल्क 3,200 रुपये असून त्यातच 110 पानांची पुस्तिका मिळते. संस्थेचे नाव मी येथे देत नाही, कारण माझ्या तक्रारी बहुतेक पुस्तिकेविषयी आहेत आणि तसल्या पुस्तिकांवर वर्ग चालवणारी ती काही एकटीच संस्था नसावी.

विषयाची निवड मात्र अचूक आहे, हे आधी सांगितले पाहिजे. इंग्रजी व्याकरणात सशर्त वाक्यांचे चार प्रकार करतात. नेहमी घडणाऱ्या गोष्टीसाठी झीरो, पुढे घडू शकणाऱ्या गोष्टीसाठी फर्स्ट, आज जे खरे नाही त्याच्या कल्पनेसाठी सेकंड आणि जे होऊन गेले व आता बदलता येत नाही त्यासाठी थर्ड. पर्यावरणाविषयी आपण जे बोलतो ते जवळजवळ सगळे या चार घरांत बसते. उतारावरचे गवत गेले की माती वाहते, हा नियम झाला. विहिरींचा उपसा असाच चालू राहिला तर उन्हाळ्यात टँकर लागेल, हा इशारा झाला. माझे स्वतःचे घर असते तर छपरावर सौर पॅनेल बसवले असते, ही मनातली इच्छा झाली. आणि ओढे बुजवले नसते तर पाणी पेठेत शिरले नसते, ही हळहळ झाली. ‘मला लॉटरी लागली तर’ या नेहमीच्या कंटाळवाण्या उदाहरणांपेक्षा या वाक्यांत जीव असतो, कारण ती बोलणाऱ्याला खरोखरच बोलायची असतात.

अडचण सुरू होते ती पुस्तिकेतील व्याकरणापाशी. तिने चारही प्रकारांचे तक्ते छापले आहेत, सूत्रे दिली आहेत, रिकाम्या जागा भरायला दिल्या आहेत. पण भरणारा माणूस मराठीत विचार करतो, याची तिला गंधवार्ता नाही. ‘शेत असते तर मी ठिबक केले असते’ हे आपले वाक्य घ्या. हे आजच्या कल्पनेविषयी आहे की गेल्या वर्षीच्या हुकलेल्या संधीविषयी? मराठीत दोन्हींना तेच रूप चालते, ऐकणारा संदर्भाने ओळखतो. इंग्रजीत मात्र येथे सेकंड आणि थर्ड अशा दोन वेगळ्या वाटा फुटतात आणि आपला माणूस नेमका त्या फाट्यावर उभा राहतो. दुसरी गोष्ट अशी की, मराठीत ‘असते’ वाक्याच्या दोन्ही भागांत येते, त्यामुळे आपण इंग्रजीतही ‘वुड’ दोन्हीकडे घालतो. ‘इफ ही वुड हॅव टोल्ड मी, आय वुड हॅव कम’ हे वाक्य मी इतक्या शिक्षकसभांत ऐकले आहे की ते चूक आहे हेच मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते. तसेच आपण ‘जर’ खुशाल गाळतो पण ‘तर’ सोडत नाही. इंग्रजीत नेमके उलट, ‘इफ’ हवेच आणि ‘देन’ बहुधा नकोच. आणि झीरोच्या जागी आपण पुष्कळदा ‘तर’ वापरतच नाही, ‘की’ वापरतो. पाणी तापले की वाफ होते. ही एक खूण जरी पहिल्या पानावर छापली असती तरी अर्धे काम झाले असते.

हे सारे आम्हाला पुस्तिकेने सांगितले नाही. ते सापडले चौथ्या शनिवारी, आणि त्याचे श्रेय शिकवणाऱ्या सरांना आहे. ग्रंथालयाच्या दाराशेजारी, साधारण डोक्याच्या उंचीवर, तेलरंगाने एक रेघ ओढलेली आहे आणि तिच्याखाली ‘2019’ असे लिहिलेले आहे. सांगलीत अशा रेघा ठिकठिकाणी दिसतात. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली होती. तेथे धोक्याची पातळी 45 फुटांची आहे. सरांनी त्या दिवशी पुस्तिका मिटायला लावली, आम्हाला खुर्च्यांसह दारापाशी नेले आणि त्या रेघेकडे पाहून प्रत्येकाने एक वाक्य करावे असे सांगितले.

गणपती पेठेत कापडाचे दुकान असलेल्या एक बाई आमच्या तुकडीत होत्या. त्या आधी मराठीत म्हणाल्या, “आदल्या दिवशी माल माडीवर चढवला असता तर वाचला असता.” मग इंग्रजीत सुरुवात केली. पहिल्या खेपेला दोन्हीकडे वुड आले. दुसऱ्या खेपेला ‘इफ वी शिफ्टेड’ म्हणून त्या थांबल्या. सर काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त विचारले, “ताई, माल आज कुठे आहे?” बाई म्हणाल्या, “आज कुठला? गेला तो.” “मग ‘हॅड’ घाला. जो गेला त्याला हॅड लागतो.” तिसऱ्या खेपेला वाक्य पूर्ण उतरले : ‘इफ वी हॅड शिफ्टेड द स्टॉक, वी वुड हॅव सेव्हड इट.’ त्यानंतर त्यांनी स्वतःहूनच आणखी एक जोडले, की विमा उतरवला असता तर आज हे कर्ज फेडत बसलो नसतो. मागचे कारण कालचे आणि परिणाम आजचा, असे हे मिश्र प्रकारचे वाक्य पुस्तिकेत शेवटच्या धड्यात, ‘प्रगत’ या शिक्क्याखाली येते. बाईंना ते चौथ्याच आठवड्यात लागले, कारण कर्जाचा हप्ता दर महिन्याला येतो.

त्याच तासाला कृष्णेवर खाली कर्नाटकात असलेल्या अलमट्टी धरणाच्या विसर्गावरून वादही झाला. सांगलीत पुराचा विषय निघाला आणि अलमट्टी आले नाही असे होत नाही. वाद मराठीत चालला, म्हणून सरांनी अट घातली की ज्याला मत मांडायचे असेल त्याने ते ‘इफ’ने सुरू करावे. आवाज लगेच खाली आले आणि वाक्ये मात्र नेटकी झाली.

शब्दसंग्रहाचा भाग तुलनेने चांगला आहे. बायोडिग्रेडेबल आणि कंपोस्टेबल यांतला फरक पुस्तिकेने नीट समजावला आहे : पहिला शब्द ‘कधी ना कधी कुजते’ एवढेच सांगतो, दुसऱ्यात ठरावीक परिस्थितीत, ठरावीक मुदतीत खत होण्याची हमी अपेक्षित असते. पिशव्यांवरचे छापील दावे वाचताना हा फरक घरीही उपयोगी पडतो. ‘सिंगल-यूज’ हा 2018 साली कॉलिन्स शब्दकोशाने निवडलेला वर्षाचा शब्द होता, ही माहितीही तिथे आहे. पण त्याच वर्षीच्या मार्चमध्ये महाराष्ट्र शासनाने प्लास्टिक व थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली होती आणि आमच्या मंडईत कापडी पिशव्यांची चर्चा चालू होती, हे पुस्तिकेच्या गावी नाही. आपण मराठीत वापरतो ते इंग्रजी शब्द इंग्रजीत तसेच चालत नाहीत, हा मोठा भागही तिने सोडून दिला आहे. आपण उरल्यासुरल्याला ‘वेस्टेज’ म्हणतो, पण इंग्रजीत ती नासाडी झाली; टाकायचा कचरा तो ‘वेस्ट’. आपला ‘कचरा डेपो’ तिकडच्या माणसाला बसडेपोसारखा वाटेल, त्याला ‘लँडफिल’ किंवा ‘डम्पिंग ग्राउंड’ म्हणावे लागते. हे दोन्ही मला सरांच्या फळ्यावरून मिळाले.

सर्वांत गंमत झाली ती ‘ट्रॅश’ या शब्दावर. पुस्तिकेत त्याच्यापुढे कचऱ्याच्या डब्याचे चित्र आहे. वाळवा तालुक्यातून येणारे एक ऊस बागायतदार हात वर करून म्हणाले, “सर, आमच्याकडे ट्रॅश म्हणजे पाचट.” आणि ते बरोबर होते, ऊसशेतीच्या इंग्रजीत पाचटाला, म्हणजे उसाच्या वाळलेल्या पाल्याला, ट्रॅशच म्हणतात, जसे खोडव्याला, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटणाऱ्या उसाला, रॅटून. मग अर्धा तास पाचटावर गेला. पाचट जाळले की मातीतला सेंद्रिय अंश जातो, हा झीरो. पाचटाची कुट्टी करून सरीत ठेवली तर ओल टिकेल, हा फर्स्ट. पुस्तिकेत डब्यात पडलेला शब्द असा शेतात परत गेला, आणि मला माझ्या वर्गासाठी दोन तयार उदाहरणे मिळाली.

पुस्तिका कुठल्या थंड देशासाठी लिहिली गेली आहे, हे तिच्या ‘कार्बन फूटप्रिंट’च्या, म्हणजे आपल्या राहणीमुळे हवेत किती कर्बवायू जातो त्याच्या हिशेबाच्या, प्रश्नावलीवरून कळते. हिवाळ्यात खोली किती अंशांवर तापवता, कपडे वाळवायचे यंत्र आठवड्यातून किती वेळा लावता, वर्षातून किती विमानप्रवास करता, असे प्रश्न. आमच्यातल्या बहुतेकांचे गुण शून्याच्या आसपास आले आणि आम्ही पृथ्वीचे आदर्श नागरिक ठरलो! ज्यांच्या घरी अजून गोबर गॅस चालतो आणि कपडे गच्चीवरच्या दोरीवर वाळतात त्यांना दुसरे प्रश्न विचारायला हवेत. शेवटच्या निबंधासाठी मी हरिपूरची हळदीची पेवे निवडली. जमिनीच्या पोटात, विजेचा थेंबभर वापर न करता, हळद वर्षानुवर्षे टिकवणारी ही साठवण. आत प्राणवायू कमी, म्हणून कीड लागत नाही. 2005 च्या महापुराने त्यांतल्या अनेक पेवांची वाताहत केली. शाश्वत राहणीवर सेकंड आणि थर्ड असे दोन्ही प्रकार वापरून लिहायला यापेक्षा चांगला विषय मला सुचला नसता. पेवासाठी शब्द मात्र पुस्तिकेत नव्हता. ‘अंडरग्राउंड पिट’ लिहून भागवले.

एक धडा पुन्हा लिहिण्याची खरोखर गरज आहे, तो ‘अनलेस’चा. मराठीत आपण ‘ओला-सुका वेगळा केला नाही तर घंटागाडी घेणार नाही’ असे म्हणतो, म्हणून ‘नाही तर’ हा नकार पोटातच असलेल्या ‘अनलेस’पुढेही आपण नकार घालतो आणि वाक्याचा अर्थ उलटा होतो. चौदापैकी अकरा जणांनी परीक्षेत हीच चूक केली, मीही त्यांत होते. पुस्तिकेत या शब्दाला चार ओळी आहेत.

नव्या तुकडीत जाऊ इच्छिणाऱ्यांनी क्रियापदांची तिन्ही रूपे आधी पाठ करून जावे, कारण वर्गात ती शिकवत नाहीत आणि त्यांच्यावाचून थर्डला हात लावता येत नाही. अगदी नवशिक्यांनी घाई करू नये. सेमी-इंग्रजीला शिकवणाऱ्यांनी मात्र जरूर जावे, आणि नाव घालण्यापूर्वी तेच सर शिकवणार आहेत का एवढे विचारून घ्यावे. दोन शनिवारी बदली शिक्षक आले तेव्हा आम्ही नुसत्या रिकाम्या जागा भरल्या. पुस्तिकेसोबत मिळणाऱ्या ध्वनिफिती मी दुसऱ्या आठवड्यानंतर उघडल्या नाहीत. वर्ग 7 ला सुटतो असे सांगतात, प्रत्यक्षात 7.20 होतात, तेव्हा ईश्वरपूरकडे (पूर्वीचे इस्लामपूर) जाणाऱ्यांनी पुढच्या एस.टी.ची वेळ पाहून ठेवावी.