आठ रेकॉर्डी, आठ महिने: ब्रायन फेरी आणि रॉक्सी म्युझिक, वापरानंतरचा अनुभव

आधी कबुली देते. ह्या आठ रेकॉर्डी मी गाण्यांसाठी घेतल्या नाहीत, कव्हरांसाठी घेतल्या. ब्रायन फेरी, रॉक्सी म्युझिक ह्या ब्रिटिश रॉक बँडचा गायक, म्हणजे पांढरं डिनर जॅकेट, काळा बो, कपाळावर ओघळलेली बट आणि सगळं बघून झाल्यासारखे डोळे, एवढंच माझं ज्ञान. म्हणजे फोटोतला माणूस. आवाज कसा आहे असं कोणी विचारलं असतं तर मी विषय बदलला असता.

घेतलं काय ते सांगते. रॉक्सी म्युझिकच्या पहिल्या एलपीला २०२२ मध्ये पन्नास वर्षं झाली, तेव्हा बँडच्या आठही स्टुडिओ एलपी लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत मायल्स शोवेल यांनी नव्याने कापल्या, हाफ-स्पीड पद्धतीने. रेकॉर्डची मूळ चकती कापताना यंत्र आणि गाणं दोन्ही निम्म्या वेगाने चालवतात. त्यामुळे कापणाऱ्या सुईला दुप्पट वेळ मिळतो आणि झांजांची किणकिण, श्वास, शब्दांच्या कडा असल्या बारीक गोष्टी तिला नीट कोरता येतात. घरी आपण नेहमीच्याच वेगाने वाजवायचं. आठही एकदम नाही, एकेक करत जमवल्या. एकीच्या कव्हरचा कोपरा वाटेत दुमडला, तो तसाच आहे.

माझा मामा रॉक्सीचा जुना भक्त. खोकी बघून त्याने पहिला प्रश्न विचारला, "किती ऐकून झाल्या?" मी म्हटलं, सगळ्या, शनिवार-रविवारात. त्याने कपाळाला हात लावला. "अगं, असं ऐकलंस तर आठही एकसारख्याच वाटणार. महिन्याला एक. तोवर दुसरीला हात लावायचा नाही." मी हो म्हटलं, कारण मला खरोखरच आठही एकसारख्याच वाटल्या होत्या.

पहिला महिना, बँडची पहिली रेकॉर्ड, १९७२. सुरुवातीला पार्टीतला गलका, ग्लासांचा आवाज, मग सगळे एकदम तुटून पडतात. त्यातल्या पहिल्याच गाण्यात मागचे सूर एका मोटारीचा नंबर ओरडतात. एवढी भन्नाट कल्पना मला दुसऱ्या आठवड्यात कळली, पहिल्यांदा मी ते नुसतंच ओरडणं समजले होते. ध्वनीबद्दल खरं सांगायचं तर नव्या कापणीने इथे चमत्कार केलेला नाही. मूळ काम मार्च १९७२ मध्ये दोनेक आठवड्यांत उरकलेलं, आणि ती घाई ऐकू येते. ड्रम डब्यातून आल्यासारखे, गिटार आणि ओबो (सनईच्या जातीचं वाद्य) एकमेकांच्या पायात पाय घालून. पण पॉल थॉम्पसनचा ठोका इतका सरळ आणि दणकट की बाकीच्यांनी कितीही वेडेपणा केला तरी गाडी रुळावरून उतरत नाही.

मामा आणि त्याचे दोन मित्र एका रविवारी आले, तेव्हा मात्र गाण्यांवर कोणी बोलेना. कपड्यांवरच बोलणं. गिटारवादक मॅन्झानेराचा माशीच्या डोळ्यांसारखा चष्मा, सिंथेसायझर वाजवणाऱ्या ईनोची पिसं, अँटनी प्राइस नावाच्या डिझायनरने शिवलेले सूट. त्या काळी रॉक गायक म्हटला की दाढी, विटकी जीन्स आणि प्रेक्षकांकडे पाठ. तेव्हा हे लोक सणाला निघाल्यासारखे स्टेजवर यायचे. पन्नास वर्षांनी तीन आजोबा एका जॅकेटच्या कॉलरवरून हमरीतुमरीवर आलेले मी पाहिले. एकाचं म्हणणं, तो माणूस श्रीमंती मिरवत होता. मामा उखडला. फेरीचा बाप इंग्लंडच्या डरहॅम परगण्यात शेतावर राबायचा, खाणीत जुंपायची तट्टं सांभाळायचा. पोरगा शाळेत असताना शनिवारी कपडे शिवणाऱ्यांच्या दुकानात काम करायचा. पुढे न्यूकॅसलला चित्रकला शिकला, तेही रिचर्ड हॅमिल्टनसारख्या पॉप आर्टच्या, म्हणजे जाहिराती आणि रोजच्या वस्तूंतून चित्रं करणाऱ्या माणसाकडे, आणि मग लंडनच्या शाळेत मुलींना मातीची भांडी करायला शिकवली. "तो श्रीमंती मिरवत नव्हता," मामा म्हणाला, "ती बेतून, कापून, शिवून घेत होता." मला हे पटलं. त्याचं पहिलं गाजलेलं गाणं, 'व्हर्जिनिया प्लेन', विद्यार्थीदशेत त्याने काढलेल्या सिगारेटच्या पाकिटाच्या चित्रावरून आलं. ते मूळ ब्रिटिश एलपीवर नव्हतंच, सुटं निघालं आणि ब्रिटनच्या विक्रीयादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. त्याचा शेवट ऐकाच. शेवट नाहीच, वाक्य पुरं व्हायच्या आत कोणीतरी दार लावून घेतं.

दुसरा महिना, 'फॉर युअर प्लेझर', १९७३. आठांतली एकच घ्यायची असेल तर ही घ्या. कव्हरवर काळ्या पँथरला साखळीने धरून उभी मॉडेल अमांडा लीअर, आणि कव्हर उघडलं की दुसऱ्या टोकाला गाडीला टेकून हसणारा शोफर. तो फेरीच. पण ही रेकॉर्ड माझ्याकडे वेगळ्याच कारणाने राहिली, किंवा राहिली नाही, ते शेवटी सांगते.

मामाकडे ही एलपी कधीच नव्हती. त्याच्याकडे होती कॅसेट, मित्राने आपल्या रेकॉर्डवरून भरून दिलेली, निळ्या शाईने गाण्यांची नावं लिहिलेली. त्याला ती इतकी पाठ की दोन गाण्यांमध्ये मित्राच्या रेकॉर्डवर एक टक् व्हायची, ती माझ्या रेकॉर्डवर झाली नाही तेव्हा तो दचकला. पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं लागलं. आलिशान घरात एकटा राहणारा माणूस, विकत आणलेल्या रबरी बाहुलीवर जडलेलं प्रेम. फेरी ते जवळजवळ न गाता म्हणतो, धर्मगुरू प्रार्थना म्हणतात तसं. मग शेवटची ओळ, गिटारचा स्फोट, आणि हळूहळू सगळं विरत जातं. शांतता. मामा सुई उचलायला उठला. तेवढ्यात गाणं परत आलं. तोच बँड, पण आता सगळा आवाज घुसळल्यासारखा, भोवऱ्यात सापडल्यासारखा, एका कानातून दुसऱ्या कानात फिरणारा.

मामाचा हात तसाच हवेत. "हे काय आहे?"

मग उलगडा झाला. गाणं असं खोटं संपून परत येतं, आणि ते बाजूचं शेवटचं. रेकॉर्डिंग करणाऱ्या मित्राला वाटलं बाजू संपली, त्याने बटण दाबलं. चाळीस वर्षं मामा हे गाणं अर्धवट शेवटासह ऐकत होता आणि त्याच्यावर अधिकारवाणीने बोलत होता. त्या दिवशी ती बाजू आम्ही चार वेळा लावली. चौथ्यांदासुद्धा शांततेच्या त्या जागी तो खुर्चीच्या टोकावर आला होता.

त्यानंतर माझं ऐकणं बदललं. मी गाणी सुरू कुठे होतात ते बघणं सोडून दिलं आणि संपतात कुठे ते बघायला लागले.

तिसऱ्या महिन्यातली 'स्ट्रँडेड' ईनो बँड सोडून गेल्यानंतरची, आणि बँडची ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेली पहिली एलपी. इथे एका गाण्यात फेरी इंग्रजीतून लॅटिनमध्ये जातो, तिथून फ्रेंचमध्ये, आणि भाषाच संपल्यासारख्या शेवटी शीळ घालतो. पहिल्यांदा मला हे नाटकी वाटलं. आठव्यांदाही नाटकीच वाटलं, पण घशात काहीतरी अडकलं. त्याचा आवाज तसा फार मोठा नाही. लांबवलेल्या सुराला एक थरथर आहे, पेटीचा भाता कापऱ्या हाताने ओढावा तशी. ती थरथर म्हणजे खानदानी वैताग की खरंखुरं रडू, हे आठ महिन्यांत मला ठरवता आलेलं नाही. मामाच्या मते दोन्हींतला फरक कळू न देणं हीच त्याची करामत.

'कंट्री लाइफ'बद्दल इतकंच: गाणी दणदणीत, कव्हर असं की पाहुणे आले की मी ते उलटं ठेवते. अमेरिकेत पुढे त्यावरच्या दोघी बायका काढून टाकून नुसती झाडी छापली, त्यामुळे तिथल्या काही लोकांकडे निव्वळ पानांचा फोटो आहे. 'सायरन' १९७५ ची, कव्हरवर खडकावर निळी जलपरी झालेली मॉडेल जेरी हॉल. हिचं पहिलं गाणं पावलांच्या आवाजाने आणि सुरू होणाऱ्या गाडीने उघडतं, आणि मग जॉन गस्टाफसनचं ते बास गिटार. स्पीकर चांगले असतील तर ह्या एका बाससाठी रेकॉर्ड वसूल. डिस्कोच्या जमान्यातल्या शीक ह्या बँडच्या नाइल रॉजर्सला लंडनमध्ये रॉक्सीला बघून आपल्या बँडची कल्पना सुचली, असं तो स्वतः सांगतो. उंची कपडे घातलेले वादक आणि पायाला गुदगुल्या करणारं संगीत. हे माहीत झाल्यावर 'सायरन' ऐकली की तो धागा लगेच सापडतो.

ह्यानंतर, १९७६ मध्ये, बँड थांबला. १९७९ मध्ये परत आला. मामा म्हणाला, "बघ, गाण्यात केलं तेच."

सहावा आणि सातवा महिना मी रेटले. 'मॅनिफेस्टो'च्या कव्हरवर जिवंत बायकांऐवजी दुकानातले पुतळे आहेत आणि निम्मी रेकॉर्डही तशीच. 'फ्लेश अँड ब्लड' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली होती, त्यातली दोन-तीन गाणी सुरेख आहेत, बाकीची इस्त्री केलेली. मामाच्या मित्राला हीच सर्वांत आवडते, त्यामुळे त्याच्यासमोर मी गप्प बसले.

ह्याच दिवसांत एक त्रास झाला, तो नव्याने रेकॉर्ड ऐकणाऱ्यांच्या उपयोगाचा. प्रत्येक बाजूच्या शेवटच्या गाण्यात 'स' आणि 'श' फिस्कारायला लागले. मी कापणीला दोष देत होते. दोष माझा निघाला. रेकॉर्डच्या मध्याकडे जावं तसा सुईखालून जाणाऱ्या खाचेचा वेग कमी होत जातो, तेवढ्याच आवाजासाठी जागा आखडते, आणि कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला भाग, जरा जरी वाकडं बसलं असेल तर ते पहिल्यांदा तिथे उघडं पडतं. मापाचा कागद घेऊन कार्ट्रिज सरळ केलं, नव्वद टक्के फिस्कारणं गेलं. आणखी एक: ह्या कव्हरांचा कागद झकास चकचकीत आहे, पण प्रत्येक बोट त्यावर उमटतं. वरून प्लॅस्टिकचं वेष्टण चढवा, नाहीतर जेरी हॉलच्या गुडघ्यावर तुमचा अंगठा कायमचा राहील.

आठवा महिना, 'ॲव्हलॉन', १९८२. बहामातल्या कंपास पॉइंट आणि न्यूयॉर्कच्या पॉवर स्टेशन ह्या स्टुडिओंत केलेली, बॉब क्लिअरमाउंटनने मिक्स केलेली. हाफ-स्पीडचा पैसा इथे फिटतो. पहिल्या रेकॉर्डवर खोलीत दहा जण दाटीवाटीने उभे. इथे प्रत्येक वाद्याभोवती फिरून यावं इतकी मोकळी जागा. अँडी न्यूमार्कच्या ठोक्यांमागची हवासुद्धा ऐकू येते. शीर्षकगीतात शेवटी जो उंच, शब्दांपलीकडचा स्त्रीचा आवाज येतो तो हैतीच्या यानिक एतिएनचा. ती शेजारच्या स्टुडिओत गात होती, ह्यांच्या कानावर पडली आणि तिला बोलावून घेतलं. कव्हरवर शिरस्त्राण घातलेली, हातावर ससाणा घेतलेली पाठमोरी आकृती आहे ती ल्युसी हेल्मोरची, त्याच वर्षी फेरीने तिच्याशी लग्न केलं. सात कव्हरांवर बायका (एकदा त्यांचे पुतळे) आपल्याकडे बघत होत्या किंवा दाखवल्या जात होत्या. ही पाण्यापलीकडे बघते, चेहराही दिसत नाही.

आणि आवाज. दहा वर्षांपूर्वी भुवया उंचावून गाणारा माणूस इथे जेमतेम कुजबुजतो. एलपीचं पहिलं गाणं साडेचार मिनिटांचं आहे. अर्ध्याच्या जरा पुढे फेरी गायचा थांबतो. मी वाट बघत राहिले, दुसऱ्या महिन्यात धडा मिळाला होता ना. तो येत नाही. उरलेलं गाणं त्याच्याशिवाय, सावकाश, कुणी नुकतंच उठून गेलेल्या खोलीसारखं वाजत राहतं. एलपीचा शेवटचा तुकडा तर दोन मिनिटांहूनही छोटा आणि पूर्ण वाद्यांचा, अँडी मॅकेचा सॅक्सोफोन. रॉक्सीने त्यानंतर एकही स्टुडिओ एलपी केली नाही. म्हणजे आठ रेकॉर्डींच्या अगदी शेवटी, ज्याचे कपडे सगळ्यांना आठवतात तो गायक आहेच कुठे?

"निरोप न घेता गेला," मामाचा मित्र म्हणाला.

"घेतला की," मामा म्हणाला. "तू बोलत होतास."

घ्याव्या का? 'फॉर युअर प्लेझर', 'सायरन' आणि 'ॲव्हलॉन' डोळे मिटून घ्या. 'स्ट्रँडेड' चौथी. पहिली रेकॉर्ड कुतूहल असेल तर, मात्र ध्वनीकडून फार अपेक्षा ठेवू नका. सहावी-सातवी कोणाकडून तरी आणून ऐका. आणि महिन्याला एकच, हे मामाचं म्हणणं मी आता इतरांना सांगते.

माझ्या फळीवर सध्या सातच आहेत. दुसरी मामा घेऊन गेला, "दोन दिवसांत आणतो" म्हणून. त्याला पाच आठवडे झाले. परवा फोन केला तर मागे तीच बाजू वाजत होती. त्याने हॅलो म्हटलं, आणि लगेच म्हणाला, "थांब जरा, आता येईल परत."