सासरच्या डच पूर्वजांचा शोध: ‘आलेग्रोनिंगर्स’ वापरून बघा

माझं सासर मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सचं, मूळचं डच. सासूबाईंना एवढंच माहीत होतं की त्यांचे पणजोबा-पणजी १८८० च्या दशकात नेदरलँड्सच्या ग्रोनिंगन प्रांतातल्या उल्रुमहून आले. आधी एका अमेरिकन साइटला पैसे भरले. तिथे जो तो दुसऱ्याची वंशावळ उतरवून घेतो, पुरावा कुणाकडेच नाही. ‘आलेग्रोनिंगर्स’ या ग्रोनिंगन प्रांतातल्या जुन्या नोंदींच्या साइटवर मूळ कागदच बघायला मिळाले, तेही फुकट.

नेदरलँड्समध्ये जन्म, लग्न आणि मृत्यूची सरकारी नोंद फ्रेंच अमलात, १८११ च्या सुमारास सुरू झाली. त्यात बाईचं नाव मरेपर्यंत माहेरचंच. आमच्या घरच्या कुलवृत्तांतात लग्न होऊन आलेल्या बायकांची माहेरची नावं शोधून सापडत नाहीत. इथे मात्र आईची आई, तिची आई असं मागे जाता येतं. मला या नोंदींचं खरं मोल इथेच वाटतं.

सगळ्यात आधी लग्नाची नोंद उघडा. वधूवरांचं वय, जन्मगाव, व्यवसाय, दोन्हीकडच्या आईवडिलांची नावं, सगळं एकाच कागदावर. पणजोबा शेतमजूर, पणजी मोलकरीण. लग्नाला जोडलेले दाखलेही मिळाले तर सोडू नका. त्यात नवरदेवाचा लष्करभरतीचा दाखला असतो आणि कित्येकदा त्यावर उंची, डोळे, नाक, हनुवटीचं वर्णन असतं. पणजोबांचा एकही फोटो घरात नाही. दाखल्यातलं वर्णन मी मोठ्याने वाचलं, तेव्हा सासूबाईंनी ते मला पुन्हा वाचायला लावलं.

शोधताना आडनावाची स्पेलिंगं बदलून बघा. अमेरिकेत आल्यावर ती बऱ्याचदा बदलली. गावाचंच नाव ठाऊक नसेल तर आधी अमेरिकेतल्या चर्चची कागदपत्रं बघा. ग्रँड रॅपिड्समध्ये कॅल्विन विद्यापीठाच्या हेरिटेज हॉल या दप्तरखान्यात ख्रिश्चन रिफॉर्म्ड चर्च या डच स्थलांतरितांच्या पंथाचं दप्तर आहे. नेदरलँड्सच्या अलीकडच्या नोंदी मिळणार नाहीत. जन्माच्या १००, लग्नाच्या ७५ आणि मृत्यूच्या ५० वर्षांनंतर खुल्या होतात. नोंदी डचमध्ये आहेत, पण मजकूर ठरावीक साच्याचा, त्यामुळे दोन-चार वाचल्या की अंदाज येतो.

कुटुंब दुसऱ्या प्रांतातलं असेल तर ‘ओपन आर्काइव्हज’ या साइटपासून सुरुवात करा. तिथे अनेक दप्तरखान्यांतल्या नोंदी एकत्र शोधता येतात, इंग्रजीतूनही. १८११ च्या आधीचं बघायचं तर चर्चची बाप्तिस्म्याची पुस्तकं चाळावी लागतात. आमचं आता तेच चाललंय.